गळ, पीस आणि मासा



मागचं व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस. हल्ली सकाळी शाळेच्या मैदानावर काठी न् दोरी घेऊन हवेत काय फिरवता?" सगळे हसले, आम्हीही हसलो. आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे, जरा लांबलेलं.

आम्ही जे शिकत होतो त्याला इंग्रजीत फ्लाय फिशिंग म्हणतात. पिसांची खोटी माशी करून मासा पकडायचा. ही विद्या मुख्यतः ट्राउट या माशासाठी वाढली. ट्राउटला थंड, वाहतं, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. पाण्याचं तापमान वीस अंशांच्या फार वर गेलं की तो कासावीस होतो. आणि आपण बसलोय बार्शीटाकळीत, जिथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. विद्रूपेच्या डोहात ट्राउट सोडला तर मार्च काही तो पाहणार नाही. मग ही विद्या इथे कशाला? तर गळाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा तो आपल्या अंगणापर्यंत येतो असं दिसलं, म्हणून.

आपल्या गावातलं कालंकादेवीचं हेमाडपंती मंदिर तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तिथला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६च्या सुमाराचा. त्याच्या जेमतेम पन्नास वर्षं आधी, कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातलं. ग्रंथाचा काळ ११२९च्या आसपासचा. वीस-वीस अध्यायांचे पाच भाग, एकूण शंभर अध्याय. राज्यकारभार, औषधं, स्वयंपाक, दागिने, हत्ती, सगळं आहे. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला.

त्यातल्या चौथ्या भागाचं नाव विनोदविंशति. विनोद म्हणजे इथे करमणूक. त्यात मत्स्यविनोद नावाचा अध्याय आहे, आणि त्याचा विषय गळाने मासे पकडणं हा आहे. माशांचे अभ्यासक सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्याच्यावर इंग्रजीत लेख लिहिला, तेव्हा त्याचं महत्त्व जगाला कळलं. सुमारे पस्तीस जातींचे मासे त्यात येतात. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कुणाला पिठाचे गोळे घालायचे, कुणाला मांस, हे सांगितलंय. आधी मासे खाऊ घालून एका जागी जमवायचे, पोसायचे, मग गळ टाकायचा. काठी कशी, दोरी कशी, गळ कसा, तेही आहे.

आता याच ग्रंथात, गाण्याच्या प्रकरणात, दशावताराचं एक मराठी गीत आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला मोठं मोल आहे, कारण इतकी जुनी मराठी आपल्याला फार थोडी सापडते. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, अशीही नोंद तिथेच आहे. त्या दशावताराच्या गीतात पहिला अवतार अर्थातच मत्स्याचा: रसातळातून वेद वर आणणारा. म्हणजे एकाच ग्रंथात मासा देव आहे आणि एकाच ग्रंथात तो राजाच्या करमणुकीसाठी गळाला लागतो आहे. सोमेश्वराला यात विसंगती वाटलेली दिसत नाही. आम्हाला मात्र ती वाचल्यापासून सुटत नाही.

दुसरी गोष्ट. राजाला हे सगळं सांगितलं कुणी? कुठला मासा कशावर येतो हे राजवाड्यात बसून कळत नाही. ते कळायला पिढ्यान् पिढ्या पाण्यात उभं राहावं लागतं. राजाचं नाव ग्रंथावर आहे, सांगणाऱ्याचं कुठेच नाही. हा धागा हातात धरून ठेवा, आपल्याला तो पुन्हा लागणार आहे.

आपल्या परंपरेत मासा आणि गळ हे बोधाचं जुनं उदाहरण. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यात मासाही आहे. नाथांनी त्याचा विस्तार मराठीत केला. तिथला बोध असा की हरिण कानामुळे मरतं, पतंग डोळ्यांमुळे, आणि मासा जिभेमुळे. आमिषाची चव त्याला घात करते. आम्ही वर्गात हे किती वेळा शिकवलं असेल!

पण फ्लाय फिशिंगला इथे अडचण येते. पिसांच्या माशीला चवच नसते. ट्राउट तिच्यावर येतो तो डोळ्यांनी फसून. न्यायशास्त्राचे विद्यार्थी असतील त्यांना शिंपला आणि चांदीचं उदाहरण आठवेल. चमकणारा शिंपला पाहून माणूस म्हणतो, ही चांदी. पूर्वी पाहिलेली चांदी त्याला इथे दिसते. माशाचंही तसंच. त्याने पूर्वी पाहिलेली मासोळी त्याला जरीच्या तारेत दिसते. तेव्हा खोटी माशी करणाऱ्याला आधी हे माहीत पाहिजे की माशाने आजवर काय काय पाहिलंय.

आता थोडं तंत्र सांगतो. साध्या गळाला शिशाचं वजन किंवा आमिषाचं वजन असतं, ते दोरीला ओढत नेतं. पिसाला वजन नसतं. म्हणून इथे दोरीच जाड आणि जड असते, आपण दोरी फेकतो आणि पीस तिच्या मागे जातं. काठी मागे नेली की क्षणभर थांबायचं, दोरी पाठीमागे सरळ होऊ द्यायची, मग पुढे. त्या क्षणभर थांबण्यातच सगळी मेख आहे. आम्हाला ते तीन महिने जमलं नाही. कॅनडातल्या एका जुन्या विद्यार्थ्याने काठी पाठवली होती. आम्ही मैदानावर, गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधून सराव करायचो. लोकर पाठीतल्या सदऱ्याला चिकटायची. गळ असता तर दवाखान्यात जावं लागलं असतं.

यात एक प्रकार स्ट्रीमरचा. नावाला माशी, पण रूपाने मासोळी. लांब दांड्याच्या गळावर रेशमाचा दोरा गुंडाळायचा, वर चंदेरी जर, मग लांब पिसं अंगालगत पाठीवर बांधायची. पाण्यातून झटके देत ओढली की पिसं अंगाला चिकटतात, सुटतात, आणि जखमी मासोळी पळतेय असं वाटतं. कोंबड्याच्या मानेची आणि पाठीची पिसं याला उत्तम. ती आपल्या गावात फुकट मिळतात. आमच्या घरात मात्र यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं.

स्ट्रीमरच्या इतिहासात एक बाई फार मोठ्या आहेत. कॅरी स्टीव्हन्स, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या. बायकांच्या टोप्या करण्याचा त्यांचा व्यवसाय होता, त्यामुळे पिसांवर हात बसलेला. नवरा मासेमारांचा वाटाड्या. १ जुलै १९२४ रोजी अप्पर डॅम इथे त्यांनी स्वतः बांधलेल्या पिसावर ब्रूक ट्राउट पकडला, साधारण तीन किलोंचा. याच प्रयत्नांतून त्यांचं 'ग्रे घोस्ट' हे स्ट्रीमर प्रसिद्ध झालं. तिथल्या स्मेल्ट नावाच्या लहान माशाची ती नक्कल. त्या पिसं हातातच धरून बांधत, पकडीला व्हाइस वापरत नसत.

पण आमचं लक्ष गेलं ते ग्रे घोस्टच्या डोळ्याकडे. त्याच्या गालावर जे पांढरं-पिवळं, मेणासारखं चकाकणारं पीस बसवतात, ते राखी रानकोंबड्याच्या मानेचं. हा पक्षी फक्त भारतातला, आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेत राहणारा. मंडळी, सह्याद्रीतल्या कोंबड्याचं पीस मेनच्या तळ्यात माशाचा डोळा होऊन पोहत होतं! आज १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. आम्ही गावरान कोंबड्याच्या पिसावर रंगाचा ठिपका देऊन भागवतो.

पिसं इथून तिकडे गेली, आणि मासे तिकडून इकडे आले. इंग्रज साहेबांना भारतात ट्राउटची आठवण फार यायची. १८९९ साली ड्यूक ऑफ बेडफर्डने काश्मीरसाठी पाठवलेली अंडी वाटेत मेली. १९०० साली दुसरी खेप जगली. श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी ती वाढवली, हारवनला केंद्र झालं. काश्मीरच्या ओढ्यांतला ट्राउट हा असा पाहुणा आहे.

दख्खनमध्ये थंड पाणी नाही, तिथे साहेबांनी महाशीर धरला. हेन्री सलिव्हन थॉमस यांचं गळाने मासेमारीवरचं पुस्तक १८७३चं, पुढच्या साहेबांनी तेच वाचून महाशीर धरायला शिकून घेतलं. पण त्यांच्याही आधी कर्नल साइक्स होते. मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करणारे. १८३९ साली त्यांनी दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली. मुळा-मुठेतल्या महाशीरला त्यांनी नाव दिलं 'खुद्री'. दुसऱ्या माशाला 'शिंगटी', तिसऱ्याला 'कोळस'. ही लॅटिन नावं नव्हेत, मंडळी! ही नदीकाठच्या माणसाची मराठी आहे. आजही जगभरचे शास्त्रज्ञ टोर खुद्री, मिस्टस शिंगटी असं लिहितात. साइक्सला हे मासे कुणीतरी हातात धरून दाखवले, नाव सांगितलं. शब्द राहिला, सांगणारा पुन्हा गेला.

आम्हाला असा सांगणारा प्रत्यक्ष भेटला, म्हणून हे इतकं जाणवतं. एक दिवस आम्ही ओट्यावर स्ट्रीमर बांधत बसलो होतो. ओळखीचे एक म्हातारे बाबा आले, आयुष्य काटेपूर्णेवर जाळं टाकण्यात गेलेलं. त्यांनी पीस हातात घेतलं, पाण्याच्या तांब्यात बुडवून हलवून पाहिलं.

"सोंग तं झकास हाये सर," म्हणाले. "मरळ येईन याच्यावर. पण तिच्या संगं पिलं असली तं नोका टाकू."

"का हो बाबा?"

"तवा ते भुकेनं नाही येत. रागानं येते. पिलांसाठी येते. तिले धरलं का पिलं दुसऱ्याच्या पोटात गेली."

मरळ आपल्या पिलांची राखण करते हे शास्त्रालाही ठाऊक आहे. स्ट्रीमरवर मासा पुष्कळदा भुकेपेक्षा चिडून झडप घालतो, हेही फ्लाय फिशिंगवाले लिहितात. बाबांनी ते दोन वाक्यांत सांगितलं, आणि त्याला एक 'नोका' जोडला. आम्ही वाचलेल्या पुस्तकांत मासा कसा फसतो हे भरपूर होतं. हा 'नोका' नव्हता. भागवतातला मासा जिभेच्या लोभाने मरतो. बाबांची मरळ मायेने मरते. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून हा फरक आमच्या ध्यानात आला नव्हता.

आता प्रश्न असा, की माशाचं हे ज्ञान त्याला फसवण्यापलीकडे कशाच्या कामी येतं का? येतं. लोणावळ्याला टाटांच्या वलवण तलावाकाठी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला महाशीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. महाराष्ट्राच्या मत्स्यखात्यात काम केलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे त्यातलं मोठं नाव. धरणांनी, सुरुंगाने आणि विषाने महाशीर घटला होता. सुरुंग आणि विष यांवर १८९७च्या कायद्यानेच बंदी आली, पण कायदा नदीकाठी राखण करायला बसत नाही. लोणावळ्यात माशाची अंडी कधी पक्व होतात, पिलं काय खातात, हे शिकून लाखो पिलं वाढवली गेली, देशभर दिली गेली. टोर खुद्री पूर्वी धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत होता, आज त्या वर्गात नाही.

ही गोष्ट इथे संपवली तर फार गोड होईल, पण ती अपुरी ठरेल. ही पिलं कावेरीतही सोडली गेली. तिथे पाठीवर कुबड असलेला मोठा महाशीर होता, गळवाल्यांचा लाडका. खुद्री वाढला आणि कुबडवाला कमी होत गेला. त्याचं शास्त्रीय नाव टोर रेमादेवी असं नक्की झालं २०१८ साली, तेव्हा तो नाहीसा होण्याच्या काठावर होता. नाव नक्की होण्याआधीच त्याला धोका झाला. चांगल्या हेतूने सोडलेला मासाही परक्या नदीत पाहुणा असतो. काश्मीरच्या ट्राउटबद्दलही हा प्रश्न विचारायला हवा.

तेव्हा त्या तरुण मित्राला उत्तर. आम्ही मैदानावर काठी फिरवतो ती मासा मारायला नव्हे, हे खरं, पण आम्ही निष्पाप आहोत असंही नाही. कुणाला फसवायचं तर त्याला ओळखावं लागतं, आणि एकदा ओळखलं की मग फसवणं पहिल्यासारखं सोपं राहत नाही. सोमेश्वरापासून लोणावळ्यापर्यंत माशाची ओळख ज्यांनी करून दिली त्यांतले बहुतेक आपल्या बाबांसारखे, बिननावाचे. त्यांचं ज्ञान आपण घेतलं. त्यांचा 'नोका' मात्र अजून कुठल्या ग्रंथात आलेला नाही. तुमच्या घरात, ओळखीत कुणी भोई बांधव असतील, म्हातारे असतील, तर माशांची नावं, त्यांच्या सवयी आणि काय करू नये हे लिहून घ्या. वहीच्या वर सांगणाऱ्याचं नाव आधी लिहा.

आम्ही बाबांना विचारलं होतं, तुमचं नाव व्याख्यानात घेऊ का? ते म्हणाले, "मायं नाव कायले, काटेपूर्णेचं घ्या." म्हणून घेतलं नाही. पण आमच्या वहीत ते पहिल्या पानावर आहे.

प्रश्न असतील तर विचारा, आज वेळ आहे.