फराहबागेचा चुना आणि प्रवाळांचे पाणी

१/ अहिल्यानगरचा फराहबाग महाल १५८३ साली, मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत पूर्ण झाला. तलावाच्या मधोमध उभारलेल्या या अष्टकोनी वास्तूला चुन्याचा गिलावा आहे. विरवलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो; गिलावा टणक होतो तो त्यामुळेच.

२/ या वायूचा छडा स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५० च्या दशकात लावला. उच्छ्वास चुन्याच्या निवळीत सोडला की ती दुधाळ होते, हे त्यांनी दाखवले. पुढे १९०९ साली डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी सामूची, म्हणजे पीएचची, मोजपट्टी दिली.

३/ घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत हाच वायू प्रवाळांच्या मुळावर येतो. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने तो साठतो, पाण्यात विरघळतो आणि ८.२ च्या आसपास असावा तो सामू ७.८ च्याही खाली उतरतो. मग प्रवाळांना चुनखडीचा सांगाडा रचणे जड जाते.

४/ पहिला उपाय खिडकी उघडण्याचा. दुसरा उपाय १९७० च्या दशकात पेटर विल्केन्स यांनी रूढ केला: चुन्याची निवळी, शक्यतो रात्री, थेंबाथेंबाने. ती एकदम ओतल्यास सामू झपाट्याने चढतो आणि टाकीतले जीव दगावतात.

५/ निवळीचे भांडेही झाकून ठेवावे लागते. उघडे राहिले तर हवेतला वायू लागून वर पांढरी साय धरते आणि निवळीचा जोर ओसरतो. ज्या क्रियेने फराहबागेच्या भिंती घट्ट झाल्या, तीच क्रिया या सायीत घडते.