तेलाच्या सहा खेपा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मळ्यात विहिरीवर इंजिन होतं. ते सुरू करण्याआधी अब्बा पट्टी काढून ऑइल बघायचे. एकदा ते मी विसरलो आणि इंजिन जाम झालं. अब्बा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, हे जमिनीवर होतं म्हणून बरं." त्या बोलण्याचा खरा अर्थ मला पी. जी. टेलर यांची हकिगत वाचल्यावर कळला.

१५ मे १९३५. ‘सदर्न क्रॉस’ हे तीन इंजिनांचं फोकर विमान मध्यरात्रीनंतर सिडनीजवळून न्यूझीलंडकडे निघालं. पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचं खास टपाल त्यात होतं. चालक चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ, सोबतीला टेलर, आणि बिनतारी यंत्रावर जॉन स्टॅनेज. विमानाचे उमेदीचे दिवस मागे पडले होते. १९२८ साली त्यानंच पॅसिफिक ओलांडला होता.

टास्मान समुद्रावर सहाएक तास झाले असतील. मधल्या इंजिनाच्या धुराड्याचा तुकडा निखळला आणि उजव्या पंख्यावर आदळला. पातं मोडलं, विमान थरथरू लागलं. उजवं इंजिन बंद करून ते माघारी वळले. वजन कमी करायला सामान समुद्रात टाकलं, पुढे टपालाच्या थैल्याही. कुणाकुणाची पत्रं असतील त्यात! माझ्यासारख्याचा जीव तिथंच अडकतो.

एवढ्यानं भागलं नाही. डावं इंजिन ऑइल पिऊ लागलं. ऑइल संपलं की इंजिन जाम, आणि उरलेल्या एका इंजिनावर विमान तरंगणार नाही. उजव्या बंद इंजिनात मात्र ऑइल तसंच पडून होतं. अडचण एकच, ते होतं बाहेर, पंखाखाली.

टेलर बाहेर पडले. पायाखाली एक आडवी दांडी, अंगावर वाऱ्याचा लोट, खाली समुद्र. थर्मासच्या आवरणात ऑइल काढायचं, ते स्टॅनेज यांच्या हाती द्यायचं, मग दुसऱ्या बाजूनं बाहेर जाऊन डाव्या इंजिनात ओतायचं. त्या वेळी पंख्याचा झोत सोसवेना, म्हणून किंग्जफर्ड स्मिथ आधी थोडी उंची घेत आणि मग डाव्या इंजिनाचा जोर कमी करत. तेवढ्यात विमान खाली सरकत जाई. निम्मं ऑइल वारा उडवून नेई.

असं सहा वेळा! पहिल्या खेपेला माणूस जिवाच्या आकांतानं जातो, हे मी समजू शकतो. सहाव्या खेपेला बाहेर काय आहे ते त्याला पुरतं ठाऊक असतं.

स्टॅनेज यांचे संदेश सिडनीत पोचत होते. दुपारी विमान मॅस्कटला उतरलं. तिघेही सुखरूप.

टेलर यांना शौर्यपदक मिळालं. पुढे त्याच्या जागी जॉर्ज क्रॉस आला. किंग्जफर्ड स्मिथ मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसऱ्या विमानानं आपल्या अलाहाबादहून सिंगापूरकडे निघाले, ते पोचलेच नाहीत. १९३७ साली ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ त्या विमानाच्या चाकाचा भाग सापडला.