निर्वसाहतीकरण व शीतयुद्ध : मराठवाड्यातील अध्यापन

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या इतिहासात निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्ध ही लागोपाठची प्रकरणे आहेत. त्यांचा परस्परसंबंध छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) वर्गात घरच्याच उदाहरणाने दाखवता येतो. हे शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी ब्रिटिश सत्ता संपली, तरी निजाम भारतात सामील झाला नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालूच राहिला. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेला. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषदेची बैठक भरली. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्यास अमेरिका व ब्रिटनसह आठ सदस्य अनुकूल होते. सोव्हिएत संघ, युक्रेन आणि चीन तटस्थ राहिले. हा चीन मात्र च्यांग कै-शेकचा, म्हणजे अमेरिकेच्या गोटातला. त्यामुळे या मतदानाची सरळ दोन गटांत वाटणी होत नाही, आणि वर्गातील चर्चेला खरा रंग इथेच चढतो. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली व २२ तारखेला तक्रार मागे घेत असल्याचे कळवले. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.