भिंतीआडच्या तारा

घरात एखादा नवा दिवा बसविण्यासाठी कारागीर बोलवावा, आणि त्याने भिंतीतील जुन्या तारा बदलावयास सांगाव्यात, हा प्रसंग कोणत्याही घरधन्यास रुचत नाही. पैसा तर जातोच. शिवाय ज्यावर तो गेला ते गिलाव्याआड दडून बसते. अमेरिकेत हा वाद विजेच्या दिव्याइतकाच जुना आहे.

१८८१ च्या सुमारास विल्यम हेन्री व्हँडरबिल्ट या कोट्यधीशाच्या न्यू यॉर्कमधील वाड्यात एडिसनने दिवे बसविले. भिंतींना मढविलेल्या कापडात धातूचे बारीक तंतू होते. तारांचा त्यांना स्पर्श होताच ते लाल झाले व भिंत धुमसू लागली. एडिसनने तत्काळ यंत्र थांबवविले. परंतु तळघरात बॉयलर आहे हे समजताच गृहिणीने त्या घरात राहण्यासच नकार दिला आणि सगळी यंत्रसामग्री काढून न्यावी लागली. बाईंचे फारसे चुकले असे म्हणवत नाही.

जे. पी. मॉर्गन यांच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरील घराची कथा निराळी आहे. तेथे १८८२ मध्ये दिवे लागले. यंत्राच्या हादऱ्यांनी शेजारीण त्रासली. हिवाळ्यात वाफेच्या नळाने उबदार झालेल्या अंगणात मांजरांची सभा भरू लागली ती वेगळीच! पुढे गालिच्याखालून मेजावरील दिव्यापर्यंत नेलेल्या तारेने पेट घेतला आणि अभ्यासिकेतील मेज जळाले. एडिसनच्या कंपनीचे एडवर्ड जॉन्सन यांना पाचारण झाले. दोष विजेचा नसून तारा घालण्याच्या पद्धतीचा आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मान्य केले व काम नव्याने करून देण्याचे पत्करले. मॉर्गन यांनी होकार दिला.

सर्वच घरमालक मॉर्गन नव्हते. त्यांना वळविले ते विमेवाल्यांनी. न्यू यॉर्कच्या आगविमा मंडळाने १८८१ मध्येच नियम केले होते. हिशेबाने लागेल त्याहून निम्म्याने अधिक वीज वाहू शकेल अशी तार हवी. तिला दुहेरी आवरण हवे. दिव्यांची संख्या अर्जात आधी कळवावी. आणि तपासणी झाल्यावाचून दिवे लावू नयेत. ज्याच्या पदरात कामाचा पैसा पडणार तोच काम आवश्यक आहे असे सांगतो, ही मालकाची शंका रास्तच होती. कंत्राटदाराहून निराळा निरीक्षक हे तिचे उत्तर होते.

तथापि निरीक्षकांतही एकमत नव्हते. देशात पाच नियमावल्या चालू असल्याने एका ठिकाणी पसंत पडलेले काम दुसरीकडे नापास होई. मार्च १८९६ मध्ये न्यू यॉर्कला २३ जण एकत्र बसले, मसुदा सुमारे १,२०० जाणकारांच्या नजरेखालून गेला आणि १८९७ मध्ये राष्ट्रीय विद्युत संहिता सिद्ध झाली. राज्याने वा नगराने स्वीकारल्यावरच ती बंधनकारक होते. तिच्या नव्या आवृत्त्या आता दर तीन वर्षांनी निघतात.

खरी मेख येथेच आहे. आपल्या काळी नियमाप्रमाणे घातलेल्या तारांना सहसा कोणी हात लावीत नाही. पण न्हाणीघर वाढविण्यासाठी भिंत फोडली की त्या नव्या कामाला आजचे नियम लागतात. चार्ल्स डॅल्झिएल यांनी १९६१ मध्ये, सुमारे ५ मिलिअँपिअर वीज शरीरातून गळू लागताच एका सेकंदाच्या चाळिसाव्या भागात प्रवाह तोडणारे साधन तयार केले. १९७५ च्या संहितेने ते घरांच्या न्हाणीघरांत आवश्यक ठरविले. मालक म्हणतो, तीस वर्षे काही झाले नाही. ते खोटे नसते. पण आवरण झिजत गेल्याचे त्याला दिसलेले नसते.

शहाणे कंत्राटदार म्हणूनच हा खर्च भिंत उघडल्यावर सांगत नाहीत. आड दडलेले काही सदोष आढळल्यास त्याची आकारणी निराळी, असे ते करारातच लिहून घेतात, आणि निरीक्षकाचा लेखी शेरा मालकाच्या हाती देतात. त्यावरही मालकाने गळ घातलीच, तर निरीक्षकाने पाहण्यापूर्वी भिंत बुजविण्याचा अधिकार त्यांना नसतो. परवान्यावर नाव त्यांचे असते.