वेताळाला चढलेला पुठ्ठा

जळगावला भाच्याकडे गेलो तेव्हा टेबलावर कुरिअरचं खोकं नुकतंच फोडलेलं होतं. आत एकच पुस्तक, स्पायडरमॅनचा ऑम्निबस. उचलायला गेलो तर एका हाताला झेपेना. “मामा, दोन्ही हातांनी. कण्याला धरायचं नाही,” तान्हं मूल हातात देताना सांगतात त्या सुरात भाचा म्हणाला. 1962 सालच्या पहिल्या गोष्टीपासून स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटकोचे सगळे अंक त्यात, हजारावर पानं. मी चित्रं बघायच्या आधी पुस्तक आडवं धरलं आणि कण्याच्या टोकाशी पानांच्या जुड्या दिसतात का ते बघितलं. दिसल्या. म्हणजे शिवलेलं होतं, नुसतं चिकटवलेलं नव्हतं.

“तुम्हाला कसं माहीत?” भाचा चमकला.

मला ते धुळ्यात कळलं होतं. मार्व्हलनं पहिला ऑम्निबस काढला 2005 साली. आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधी कॉमिकला पुठ्ठा चढत होता, फक्त तो प्रकाशक चढवत नव्हता.

मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियानं इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिला नायक ली फॉकचा फँटम. अमेरिकेत तो 1936 पासून वर्तमानपत्रातल्या पट्टीत होता. अंगाला घट्ट पोशाख आणि डोळ्यांवर मुखवटा घालून तो सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी अवतरला होता. मराठीत तो ‘वेताळ’ झाला. ‘चांदोबा’तल्या विक्रम-वेताळामुळे हे नाव आमच्या तोंडी आधीच होतं. फरक एवढाच की हा वेताळ झाडाला लोंबकळत नव्हता. तो कवटीच्या गुहेत राहायचा आणि कोडी घालण्याऐवजी गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटवायचा. मागोमाग मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर.

पण अंक म्हणजे काय, तर दोन पिनांवर तगलेला पातळ कागद. चार घरं फिरला की आधी मुखपृष्ठ जायचं, मग शेवटचं पान, आणि शेवटचं पान गेलं की खलनायकाचं काय झालं ते कायमचं गुलदस्त्यात. यावर इलाज एकच, बाइंडर.

धुळ्यात बांधून ठेवण्याचा सोस जुना. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखित बाडं गोळा केली, ती वाग्देवता मंदिरात आहेत. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यातच वारले, त्यांची कागदपत्रं राजवाडे संशोधन मंडळानं सांभाळली. वेताळाचे अंक या रांगेत बसवले तर राजवाडे काठी घेऊन धावले असते, हे मान्य. पण आमच्या अंकांचा खरा पूर्वज बाड नव्हताच. तो होता व्यापाऱ्याची चोपडी. बाइंडरचं पोट चालायचं ते आडत दुकानांच्या रोजमेळ-खातेवह्यांवर, लाल खारव्याच्या. दिवाळीचा हंगाम सरला की तो आमच्यासारख्यांची कामं घ्यायचा.

मी तासन्‌तास बघत बसायचो. तो आधी पिना उपसायचा, कारण त्या गंजतात आणि कागद खातात. मग दहा-बारा अंक ठोकून एकसारखे करायचा, कडेला दाभणानं भोकं पाडायचा आणि मेणलेला दोरा ओढायचा. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचा, नाहीतर कसर लागते. पुठ्ठ्यावर अबरी, कण्याला चोपडीचंच उरलेलं लाल कापड, आणि शेवटी कटिंग. माझ्या पहिल्या पुस्तकात त्यानं अंक उलटसुलट लावले, त्यामुळे एका गोष्टीचा उत्तरार्ध आधी येतो. कटिंगमध्ये वरच्या चौकटीतली अक्षरंही अर्धी गेली. शिवण कडेनं घातलेली, म्हणून आतल्या बाजूचे फुगे तिच्यात बुडाले.

या शेवटच्या दुखण्यावर आजही औषध सापडलेलं नाही. भाच्याच्या ऑम्निबसमध्ये दोन पानांवर पसरलेलं चित्र मधल्या घळीत गडप होतं, आणि तो त्यावर अगदी माझ्याच शब्दांत चडफडतो.

भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानदारांनी ही युक्ती लगेच उचलली. तीन-चार कॉमिक एका पुठ्ठ्यात घातले की टिकतातही आणि भाडंही जास्त लावता येतं. तोवर खानदेशात हिंदी कॉमिकचा पूर आला होता. बऱ्हाणपूर शेजारी आणि भुसावळ जंक्शन दाराशी, त्यामुळे हिंदी वाचायला आम्हाला कुणी शिकवलं नाही. 1986 मध्ये राज कॉमिक्सचा नागराज आला. त्याला पहिलं रूप दिलं ते पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी, म्हणजे ज्यांची अमर चित्र कथेतली चित्रं आम्ही आधीच पाठ केली होती त्यांनी. 1987 मध्ये अनुपम सिन्हांचा ध्रुव आला. 1990 ला इंद्रजाल बंद पडलं.

गंमत म्हणजे नेमकी हीच वर्षं अमेरिकेत पुठ्ठ्याची. 1986 मध्ये ‘वॉचमेन’ आणि ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आले. वाचणारी पोरं मोठी झाली होती, कमावती झाली होती, आणि कॉमिक पेपरच्या स्टॉलवरून निघून खास दुकानांत गेलं होतं. 1987 मध्ये मार्व्हलनं जुने अंक पक्क्या बांधणीत ‘मास्टरवर्क्स’ म्हणून काढले, 1989 मध्ये डीसीनं ‘आर्काइव्ह’ काढले. पुढे डीसीच्या ‘अॅब्सोल्यूट’ आवृत्त्या आल्या, अंकापेक्षा मोठ्या आकाराच्या, खोळीत घातलेल्या. आमच्या वेताळालाही 2010 पासून हर्मिस प्रेसनं वर्तमानपत्री पट्ट्यांचे जाडजूड खंड दिले. इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांत पानांच्या हिशेबासाठी कापलेल्या गोष्टी त्यात अख्ख्या वाचता येतात. मी वाचल्या. खरं सांगायचं तर काही कापलेल्याच बऱ्या होत्या.

भाचा म्हणतो, ही गुंतवणूक आहे, छपाई संपली की भाव चढतो. असेल. पण जळगावात राहून असं बोलावं? सोनं अडीनडीला मोडता येतं. ऑम्निबस घेऊन सराफ बाजारात उभं राहिलं तर बसायला खुर्चीही मिळायची नाही. आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की चिकटवलेल्या पुस्तकाचा गोंद मऊ पडतो, पानं सुटायला लागतात. तो त्याची पुस्तकं पत्र्याच्या खोलीतून खालच्या मजल्यावर हलवतो. माझ्या खळीला ऊन कधी बाधलं नाही.

पुढच्या खेपेला धुळ्याहून ते लाल कण्याचं पुस्तक घेऊन गेलो. भाच्यानं हात पुसले, मांडीवर घेतलं. मधल्या एका पानावर गुहेच्या तोंडाशी वेताळ कुणाला तरी दटावतो आहे आणि त्याचं अर्धं वाक्य शिवणीत गेलं आहे. ते वाचायला त्यानं पुस्तक दोन्ही अंगठ्यांनी फाकवलं.

“हळू,” मी म्हटलं, “कणा जाईल.”