तंजावर चित्रशैली

तंजावर चित्रशैली : लाकडी फळीवर सोन्याचा वर्ख, उठावकाम व रत्नखचित सजावट करून देवप्रतिमा रंगवण्याची दक्षिण भारतीय शैली. तमिळमध्ये अशा चित्रास ‘पलगै पडम’, म्हणजे फळीवरचे चित्र, म्हणतात. तमिळनाडूतील तंजावर येथे भोसले घराण्याच्या राजवटीत (१६७६–१८५५) ती बहरली. बायझंटाइन ख्रिस्ती परंपरेतील आयकॉन-चित्रांप्रमाणे ही चित्रेही मुख्यतः उपासनेसाठी घडली.

पूर्वपीठिका : तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात अकराव्या शतकातील चोळकालीन भित्तिचित्रे आहेत. १५६५ मध्ये विजयनगरचा पराभव झाल्यावर तेथील अनेक चित्रकार दक्षिणेकडील नायक राजांच्या आश्रयाला गेले. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरला मराठी राज्य स्थापले व ही परंपरा मराठी दरबाराकडे आली. राजू व नायडू समाजांतील, बहुतांशी तेलुगू भाषक कारागिरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. दुसरे सरफोजी (कार. १७९८–१८३२) यांच्या काळात तिला विशेष प्रतिष्ठा मिळाली. १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला, तरी सरफोजींनी विद्या व कलांचा आश्रय सोडला नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाची मोठी वाढही त्यांनीच केली.

तंत्र : फणसाच्या किंवा सागवानी फळीवर चिंचोक्याच्या खळीने अथवा डिंकाने कापड चिकटवतात. त्यावर चुनखडीची पूड व डिंक यांचे लेप देऊन पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात. मग रेखाटन होते. दागिने, प्रभावळ, सिंहासन व महिरप या जागी काचमणी किंवा रत्ने बसवून चुनखडीच्या लगद्याने उठाव आणतात आणि त्यावर सोन्याचा वर्ख चढवतात. रंग भरणे त्यानंतरचे. चेहऱ्याचे बारीक रेखाकाम शेवटी करतात. जुन्या चित्रांत खनिज व वनस्पतिजन्य रंग आढळतात.

विषय व मांडणी : लोणी हाती घेतलेला बाळकृष्ण व रामपट्टाभिषेक हे विशेष लोकप्रिय विषय. लक्ष्मी, सरस्वती, गणेश व शैव संत यांचीही चित्रे होतात. मुख्य देवता मधोमध, आकाराने मोठी व भक्ताकडे पाहणारी असते. परिवार दोन्ही बाजूंस लहान आकारात येतो. गुबगुबीत अंग, टपोरे डोळे, गडद लाल, निळी वा हिरवी पार्श्वभूमी ही ठळक लक्षणे. खांब, महिरपी व पडदे यांत राजवाड्याचा थाट उतरतो. देवघरांत व भजनमंदिरांत दिव्याच्या उजेडात उठावाचे सोने उजळते आणि नजर आपोआप देवतेच्या मुखाकडे जाते. सोन्याचे हे प्रयोजन लक्षात घेतल्याशिवाय या शैलीचे मोल कळत नाही. तिला केवळ श्रीमंती सजावट समजणे अन्यायाचे आहे.

बायझंटाइन चित्रांशी तुलना : कॉन्स्टँटिनोपल हे केंद्र असलेल्या त्या परंपरेतही लाकडी फळी, कापड, पांढरा लेप व सुवर्णवर्ख असा क्रम आढळतो. रंग मात्र बहुधा अंड्याच्या बलकात कालवत. प्रतिमापूजा योग्य की अयोग्य, यावरून तेथे आठव्या–नवव्या शतकांत तीव्र संघर्ष झाला. ७८७ च्या निकिया धर्मपरिषदेने प्रतिमेला दिलेला मान मूळ दिव्य व्यक्तीस पोहोचतो, असा निर्वाळा दिला. प्रतिमांची अंतिम पुनःस्थापना ८४३ मध्ये झाली. तेथे सोने प्रायः सपाट पार्श्वभूमी होऊन स्थळकाळापलीकडचा प्रकाश सुचवते, तर तंजावरात ते उठावाने देवाच्या अंगावर व आसनावर येते. तेथील संत कृश व गंभीर, तर इथला कृष्ण खाऊनपिऊन सुखी. दोन्हींत चित्रकाराच्या सहीपेक्षा परंपरेने ठरवलेले रूप महत्त्वाचे असते.

सद्यःस्थिती : आज फळीऐवजी प्लायवूड व तयार रंग सर्रास वापरतात. तंजावर चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चेन्नईचे शासकीय संग्रहालय व सरस्वती महाल ग्रंथालयाचे संग्रहालय येथे जुने नमुने पाहता येतात. तेलुगू व तमिळ हातांची कारागिरी आणि मराठी दरबाराचा आश्रय यांतून घडलेल्या या शैलीला मराठी कलेतिहासात स्वतंत्र प्रकरण मिळणे न्याय्य ठरेल.