मैदान तेच, देश निराळा

इतिहासाचे व्याख्यान म्हटले की राजे, लढाया आणि तह यांची आपल्याला सवय असते. आज ज्याच्याविषयी बोलणार आहे तो राजा नव्हता, सेनापती नव्हता, पुढारी तर नव्हताच. तो पगार घेऊन फुटबॉल खेळणारा माणूस होता. त्याचे नाव रशीद मेखलूफी. त्याचा जन्म १९३६ साली अल्जीरियातील सेतीफ या गावी झाला. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या देशांतील क्लबांकडून तो खेळला आणि त्यावर त्याने पोट भरले. एवढेच असते, तर त्याची जागा वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर होती. पण त्याच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडली. एकाच क्लबाकडे, एकाच मैदानावर तो दोनदा खेळायला गेला. पहिल्या खेपेस गेला तेव्हा कायद्याने तो परदेश नव्हता. दुसऱ्या खेपेस गेला तेव्हा तोच परदेश झाला होता. या दोन खेपांच्या मधल्या काळात एका राष्ट्राचा जन्म झाला.

हे कसे, ते समजण्यासाठी अल्जीरियाची तेव्हाची स्थिती थोडी पाहिली पाहिजे. इंग्रजांनी हिंदुस्थानावर राज्य केले, पण हिंदुस्थान हा इंग्लंडचाच एक परगणा आहे असे त्यांनी कधी म्हटले नाही. फ्रान्सने नेमके तसे म्हटले. १८३० साली अल्जीरिया घेतला आणि १८४८ साली तो फ्रान्सचाच भाग म्हणून जाहीर केला. पण नकाशावर एक झालेली माणसे मतपेटीपाशी एक नव्हती. १९४७ च्या कायद्याने अल्जीरियाला १२० जणांची सभा मिळाली. तिच्या निम्म्या जागा मुख्यतः दहा लाखांच्या आसपास असलेल्या युरोपियनांच्या वाट्याला आल्या आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्या कितीतरी पट असलेल्या मुसलमान प्रजेच्या.

मेखलूफीच्या गावाचे नाव तर या इतिहासात रक्ताने लिहिलेले आहे. ८ मे १९४५ या दिवशी युरोपात महायुद्ध संपले. विजयाचा आनंद साजरा होत असतानाच सेतीफमध्ये स्वातंत्र्य मागणारी मिरवणूक निघाली, अल्जीरियाचा झेंडा वर आला आणि गोळी सुटली. पुढच्या दंगलीत शंभराच्या आसपास युरोपियन मारले गेले; त्याचा सूड म्हणून सैन्याने हजारो अल्जीरियन मारले. नेमका आकडा आजही वादाचा आहे. त्या दिवशी मेखलूफी आठ वर्षांचा होता.

नऊ वर्षांनी, १९५४ साली, तो समुद्र ओलांडून साँ-एतिएनला आला. हे फ्रान्समधील कोळशाच्या खाणींचे आणि कारखान्यांचे गाव. येथे आठवडाभर जमिनीखाली राबणारा मजूर रविवारी हिरवा शर्ट घातलेल्या आपल्या संघासाठी घसा फोडून ओरडायचा. झाँ स्नेला या शिक्षकाच्या हाताखाली मेखलूफी तयार झाला. १९५७ साली या क्लबाने फ्रान्सचे अजिंक्यपद प्रथमच मिळवले, त्यात त्याचा मोठा वाटा होता. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाकडून तो चार सामने खेळला. फ्रान्सच्या नियमाप्रमाणे त्याला लष्करी नोकरीही करावी लागली, आणि १९५७ सालीच फ्रेंच सैन्याच्या संघातून खेळून त्याने सैनिकी संघांची जागतिक स्पर्धा जिंकली.

पण तो आला त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५४ रोजी, अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते. फ्रेंच गणवेशातला हा खेळाडू टाळ्या घेत असताना त्याच गणवेशातले सैन्य त्याच्या मुलखात लढत होते. आठ वर्षांच्या वयात जे पाहिले, ते गोल केल्याने पुसले जाते काय?

एप्रिल १९५८ मध्ये त्याचे उत्तर मिळाले. मोहंमद बुमझराग या जुन्या खेळाडूने मुक्ती आघाडीच्या वतीने गुप्तपणे जुळवाजुळव केली होती. फ्रान्समधील निरनिराळ्या क्लबांचे अल्जीरियन खेळाडू दोन-चार दिवसांत नाहीसे झाले. त्यांत मोनाकोचा मुस्तफा झितूनी होता, लियाँचा केरमाली होता आणि एकविशीतला मेखलूफीही होता. कोणी स्वित्झर्लंडमार्गे, कोणी इटलीमार्गे, असे करीत ते ट्यूनिसला पोचले.

यात त्याने काय पणाला लावले, याचा हिशेब मांडू या. त्या काळी फ्रान्समध्ये पगारी खेळाडू एकदा करारावर सही करी, तो वयाच्या पस्तिशीपर्यंत क्लबाला बांधला जाई. ही पद्धत १९६९ साली मोडली. म्हणजे मेखलूफीने पगार सोडला, तो परत मिळण्याचा मार्गही बंद केला. शिवाय तो नोकरीतला सैनिक होता. सैनिकाने युद्धाच्या काळात पळून जाणे म्हणजे काय, हे सांगायला नको. आणि दोनच महिन्यांवर स्वीडनमधील विश्वचषक होता. त्याची आणि झितूनीची नावे फ्रान्सच्या संघासाठी बोलली जात होती. त्या स्पर्धेत फ्रान्स तिसरा आला. फाँतेनने तेरा गोल केले. त्याच्या शेजारी मेखलूफीही असू शकला असता.

ट्यूनिसला जमलेल्या या संघाला देश नव्हता. देश अजून व्हायचा होता. जागतिक फुटबॉल संघटनेने त्याला मान्यता दिली नाही आणि त्याच्याशी खेळणाऱ्यांनाही धाक घातला. तरी हा संघ ट्यूनिशिया, मोरोक्को, इराक, पूर्व युरोप, चीन आणि उत्तर व्हिएतनामपर्यंत हिंडला. बेलग्रेडला १९६१ साली त्याने यजमानांना ६–१ असे हरवले. जो झेंडा सेतीफला काढला म्हणून गोळी झाडली गेली, तोच झेंडा परक्या मैदानांवर खुशाल फडकू लागला.

खेळात राजकारण आणू नये, असे आपण नेहमी ऐकतो. म्हणणे वाईट नाही. पण सेतीफच्या मुलाने फ्रेंच सैन्याचा शर्ट घालून जग जिंकले, तेव्हा ते कोणाला राजकारण वाटले नाही. तो शर्ट उतरवला, तेव्हाच वाटले. घालणे आणि उतरवणे या दोन्ही गोष्टी एकाच तराजूत तोलल्या पाहिजेत.

जुलै १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. मेखलूफी पंचवीस वर्षांचा होता. खेळाडूचे आयुष्य आंब्याच्या मोसमासारखे; त्यातले ऐन बहराचे चार महिने निघून जावेत, तशी त्याची चार वर्षे गेली होती. त्याचे जुने गुरू स्नेला तेव्हा जिनिव्हाच्या सर्व्हेत क्लबाकडे होते. तेथे तो काही काळ खेळला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस साँ-एतिएनला परतला. क्लब दुसऱ्या वर्गात घसरला होता. युद्धात मुले गमावलेली घरे त्या देशात ठिकठिकाणी होती. हा पळून गेलेला सैनिक, आता परदेशी नागरिक, मैदानात उतरला तेव्हा सारे प्रेक्षक गप्प होते, असे तो पुढे सांगत असे. मग चेंडू पायाशी आला, त्याने तो खेळवला, आणि टाळ्या सुरू झाल्या.

त्यानंतर क्लब पहिल्या वर्गात आला आणि १९६४, १९६७ व १९६८ साली अजिंक्य ठरला. १२ मे १९६८ रोजी फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात साँ-एतिएनने बोर्दोला २–१ असे हरवले. दोन्ही गोल मेखलूफीचे. बक्षीस द्यायला होते अध्यक्ष द गोल. दहा वर्षांपूर्वी हे खेळाडू निघून गेले, त्यानंतर काही आठवड्यांतच अल्जीरियाच्या प्रश्नावरून द गोल सत्तेवर आले होते. इतिहास कधी कधी असे दोन प्रवासी एकाच धर्मशाळेत आणून सोडतो.

शेवटी तो बास्तियाकडून खेळला आणि मायदेशी जाऊन शिक्षक झाला. १९८२ च्या विश्वचषकात अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २–१ असे हरवले, तेव्हा संघाच्या दोन मार्गदर्शकांपैकी तो एक होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये, ८८ व्या वर्षी, तो वारला.

श्रोतेहो, ज्या गावाने कला शिकवली त्याचे ऋण त्याने गोल करून फेडले. ज्या गावाने जन्म दिला त्याचे ऋण चार वर्षे देऊन फेडले. एका ऋणासाठी दुसरे त्याने नाकारले नाही. देशासाठी फ्रान्सविरुद्ध उभा राहिलेला हा माणूस साँ-एतिएनच्या खाणमजुराचा वैरी कधीच झाला नव्हता. मला वाटते, त्या मुक्या मैदानावर पहिली टाळी ज्याने वाजवली, त्यालाही हे कळले असले पाहिजे. त्याचे नाव इतिहासात नाही. पण तह राजधानीत लिहिले जातात आणि पाळले जातात ते अशा माणसांकडून.